तारण, खंडणी आणि पैलतीर : झाडीपट्टीतून बायबल वाचताना

मराठी बायबलमधील ज्या एका शब्दावर ख्रिस्ती धर्माची सारी भिस्त आहे, तो 'तारण' हा शब्द मराठी माणूस चर्चमध्ये ऐकतो त्याहून कितीतरी अधिक वेळा बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पाटीवर वाचतो. चंद्रपूर, बल्लारपूर किंवा गडचिरोलीच्या बाजारपेठेत सोनेतारण कर्जाची पाटी नवलाची नाही, आणि तिथे तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत सावकाराच्या हाती दिलेली हमी, मग ते मंगळसूत्र असो की शेताचा तुकडा. चर्चमध्ये मात्र तारण म्हणजे पाप आणि मृत्यू यांच्या तावडीतून देवाने केलेली माणसाची सोडवणूक. हे दोन अर्थ वरवर पाहता परस्परांच्या वाऱ्यालाही उभे राहू नयेत असे वाटतात; परंतु दोघांचे मूळ 'तृ' या एकाच संस्कृत धातूत, म्हणजे पार होण्यात आहे, आणि मराठी माणसाचे पैसे 'बुडतात' हे ध्यानात घेतले की ते बुडू नयेत म्हणून ठेवलेल्या वस्तूला तारण का म्हटले गेले असावे, याचा उलगडा होतो. दोन्हीकडे पाणी आहे, बुडण्याची भीती आहे आणि पैलतीराची आशा आहे.

या पाण्याची आठवण ठेवणे बायबलच्या अर्थनिर्णयासाठी आवश्यक आहे. अर्थनिर्णय म्हणजे जुन्या ग्रंथातील वाक्य मूळ भाषेत, मूळ प्रसंगात आणि मूळ श्रोत्यांना काय सांगत होते हे शोधून मग ते आज काय सांगते याचा विचार करण्याची शिस्त. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी यांनी वेढलेल्या झाडीपट्टीच्या या मुलखात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि पलीकडच्या काठावरचा रुग्ण किंवा बाळंतीण अलीकडे आणणे हा जिवाचा प्रश्न होऊन बसतो. अशा ठिकाणी तारणे हे क्रियापद रूपक म्हणून समजावून द्यावे लागत नाही. उलट शहरी वाचकाच्या मनात तारण या शब्दाचे पाणी आटलेले असते आणि त्याला त्यात एक व्यवहार दिसतो : अमुक मानले की तमुक मिळते. पाणी आटवून केलेले हे वाचन बायबलला मानवत नाही, हे पुढील विवेचनातून दिसावे.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक असून तिच्यात या संकल्पनेसाठी 'सोझो' हे क्रियापद व त्यापासून झालेले 'सोतेरिया' हे नाम येते. सोझो म्हणजे वाचवणे, सुखरूप ठेवणे, बरे करणे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली एक स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते; लूकच्या सातव्या अध्यायात गावाने पापी ठरवलेली दुसरी एक स्त्री येशूचे पाय आसवांनी भिजवते आणि तिला क्षमा मिळते. दोघींचा निरोप घेताना येशू तिच्या विश्वासाविषयी जे वाक्य उच्चारतो ते ग्रीकमध्ये अक्षरशः एकच आहे. प्रचलित मराठी भाषांतराने मात्र पहिलीच्या वाट्याला 'बरे करणे' आणि दुसरीच्या वाट्याला 'तारणे' अशी दोन क्रियापदे दिली. भाषांतरकाराची यात चूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण प्रसंगानुरूप शब्द निवडणे हे त्याचे कामच होते. पण त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात शरीराचे एक खाते आणि आत्म्याचे दुसरे खाते अशी जी वाटणी झाली, ती लूकच्या किंवा मार्काच्या मनात नव्हती.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात हीच गोष्ट अधिक ठळकपणे घडते. येशूखेरीज दुसऱ्या कोणाकडून तारण नाही, अशा आशयाचे पेत्राचे जे विधान ख्रिस्ती धर्माच्या एकमेवत्वाचा पुरावा म्हणून शतकानुशतके पुढे केले गेले, ते विधान एका खटल्यातील जबाब आहे. मंदिराच्या दारापाशी भीक मागणारा एक जन्मजात लंगडा मनुष्य चालू लागला आणि हे कोणाच्या अधिकाराने केलेत, असा सवाल न्यायसभेने पेत्राला विचारला. उत्तर देताना पेत्राने लंगड्याच्या बरे होण्यासाठी नवव्या वचनात जे क्रियापद वापरले, तेच तीन वचनांनंतर तारणासाठी वापरले. विधान त्यामुळे सौम्य होत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पेत्राचा दावा मोठाच आहे. परंतु तो दावा एका माणसाच्या पायांत आलेल्या बळाविषयी बोलताना केलेला आहे, आणि ते पाय वगळून वचन तेवढे पाठ करणे म्हणजे साक्षीदाराच्या जबाबातील एक ओळ कापून निकाल देण्यासारखे आहे.

मराठीत या संकल्पनेला नाव देण्याचा खटाटोप चार शतकांचा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज येशूसंघी धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात ओवीची चाल तर घेतलीच, शिवाय मोक्ष, वैकुंठ असे भारतीय परंपरेचे शब्दही निःसंकोच घेतले. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी भाषांतराला हात घातला आणि पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी तो उद्योग चालवला. या प्रॉटेस्टंट परंपरेत तारण हा शब्द रुळला. मोक्ष या शब्दामागे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची कल्पना उभी आहे आणि बायबलला असा फेरा ठाऊक नाही, तेव्हा त्या शब्दापासून दूर राहण्यात अर्थ होता. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले; अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी भाषा आणि हिंदू दर्शनांचा वास नसलेले शब्द, असा त्यांचा दुहेरी कटाक्ष होता. गंमत अशी की याच रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेला 'मुक्ती' हे नाव दिले, आणि इंग्लंडहून आलेल्या साल्व्हेशन आर्मीलाही मराठी मुलुखात मुक्तिफौज हेच नाव चिकटले. ग्रंथात तारण आणि दारावर मुक्ती, अशी ही विभागणी झाली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा होता. नागपुरातील वास्तव्यानंतर राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. म्हणजे त्यांनाही पार होण्याचीच प्रतिमा सुचली. विदर्भात तर भक्तिपरंपरेच्या जोडीला महानुभावांची परंपरा आहे, जिच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परभिन्न असून परमेश्वर कृपेने अवतरून जीवाचे उद्धरण करतो. जीव स्वतः परमेश्वर होत नाही आणि परमेश्वराच्या कृपेवाचून सुटतही नाही, हा महानुभावीय विचार ख्रिस्ती कृपेच्या कल्पनेला अद्वैतापेक्षा फार जवळचा आहे. मराठी ख्रिस्ती धर्मचिंतकांनी त्याच्याशी जेवढा संवाद करायला हवा होता तेवढा केला नाही. त्यांचे लक्ष पंढरीच्या वाटेवर अधिक राहिले.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळणे भाग आहे, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो शब्द कानाला खुपतो. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू आपण पुष्कळांसाठी आपला जीव देण्यास आलो आहोत असे सांगताना 'लुत्रोन' हा शब्द वापरतो. लुत्रोन म्हणजे युद्धकैद्याला किंवा गुलामाला सोडवून घेण्यासाठी मोजलेली रक्कम. मराठी बायबलने त्यासाठी 'खंडणी' हा शब्द योजला, आणि एकोणिसाव्या शतकात तो चपखल होता. आज खंडणी हा फौजदारी गुन्ह्याचा शब्द आहे. गडचिरोलीत तो ऐकताच तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदारांकडून बंदुकीच्या धाकाने वसूल होणारा पैसा आठवतो, रात्री दारावर पडलेली थाप आठवते, आणि न देणाऱ्याचे काय झाले तेही आठवते. अशा श्रोत्याला येशूने खंडणी भरली असे सांगितले, तर तो साहजिकच विचारील की ती मागितली कोणी, आणि दिली कोणाला.

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. चौथ्या शतकात नाझियान्झच्या ग्रेगरीने नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्याच्या आधीच्या काही आचार्यांनी, विशेषतः ओरिजेनच्या वळणाने विचार करणाऱ्यांनी, ही किंमत सैतानाला दिली असे मांडले होते. न्यिस्साच्या ग्रेगरीने तर सैतान हा आमिषाला भुललेला मासा आणि ख्रिस्ताचे देवत्व हा आमिषाखाली लपलेला गळ, अशी प्रतिमा वापरली. नाझियान्झच्या ग्रेगरीला हे अजिबात पटले नाही : लुटारूला किंमत द्यावी, आणि त्या किमतीपोटी देवच द्यावा, ही कल्पना त्याला लाजिरवाणी वाटली; पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने आपल्याला कैदेत धरलेच नव्हते. त्यानंतर सातशे वर्षांनी, १०९८ च्या सुमारास, पाश्चात्त्य धर्मचिंतक अँसेल्मने या कोड्याचे उत्तर ऋणाच्या भाषेत दिले. पापामुळे देवाच्या सन्मानाचे जे देणे माणसावर चढले ते माणसाने फेडायला हवे पण त्याला फेडता येत नाही, देवाला फेडता येते पण त्याच्यावर ते नाही, म्हणून देव-मनुष्य असलेल्या ख्रिस्ताने ते फेडले, असा त्याचा युक्तिवाद. प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी पुढे ऋणाच्या जागी शिक्षा आणली आणि निर्दोषाने दोषींची शिक्षा भोगली असे मांडले. मिशनऱ्यांनी मराठी मुलुखात आणलेले तारणशास्त्र बहुतांशी या शेवटच्या घडणीचे होते.

या सिद्धांतांची कुचंबणा एकाच ठिकाणी होते : रूपकाला ते हिशोबाची वही समजतात. बायबल बाजारातून खंडणी, न्यायालयातून निर्दोष ठरणे, मंदिरातून यज्ञ, घरातून समेट आणि आजाऱ्याच्या अंथरुणापासून बरे होणे अशा पाच-सहा ठिकाणांहून प्रतिमा उचलते आणि एकीला दुसरीवर बसवण्याची घाई करत नाही. खंडणीची प्रतिमा सुटलेल्याच्या बाजूने बोलते : तो बांधलेला होता, आता मोकळा आहे, आणि ते स्वस्तात झाले नाही. पैसा कोणाच्या खिशात गेला, हे प्रतिमेला विचारण्यासारखे नाही. एवढे स्पष्ट सांगितले तरी आजच्या मराठीत 'खंडणी' हा शब्द ठेवावा का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. 'सोडवणुकीचे मोल' असे लांबलचक बोलणे परवडले. ज्या शब्दाने श्रोत्याला बंदूक आठवते, त्या शब्दाने देवाची दया सांगू नये.

शिवाय लुत्रोनच्या मागे हिब्रू परंपरेतील 'गोएल' उभा आहे, आणि तो ध्यानात घेतला तर व्यवहाराचे रूपक भाऊबंदकीचे होते. गोएल म्हणजे सोडवणारा नातलग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे कर्जापायी एखाद्याची वडिलोपार्जित जमीन गेली, किंवा तो स्वतः दुसऱ्याच्या घरी राबायला गेला, तर त्याच्या सर्वांत जवळच्या नातलगाने पुढे होऊन जमीन किंवा माणूस सोडवून आणावा, आणि पन्नासाव्या वर्षी तर सगळ्याच जमिनी मूळ कुळांकडे परत जाव्यात. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी ज्या राज्याला १९७४ चा कायदा करावा लागला, त्या राज्यातील वाचकाला हे विधान प्राचीन वाटू नये. यशया संदेष्टा देवाला इस्राएलचा गोएल म्हणतो. म्हणजे देव येथे सावकार नाही, न्यायाधीशही नाही, तर गहाण पडलेल्या भावाला घरी आणणारा आप्त आहे. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगा-गटांत नाती मोजणाऱ्या, कुळाच्या माणसाचा भार कुळाने उचलावा असे मानणाऱ्या गोंड समाजाला ही कल्पना अँसेल्मच्या ऋणापेक्षा लवकर उमजेल.

विश्वास की कर्म, या वादाला येथे थोडक्यात शिवून पुढे जाणे पुरेसे आहे, कारण पाश्चात्त्य चर्चने त्यावर गरजेपेक्षा जास्त रक्त आणि शाई सांडली. पौल रोमकरांस लिहिताना मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे म्हणतो. याकोबाचे पत्र केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी, असे बजावते. ल्यूथरने जर्मन भाषांतर करताना पौलाच्या वाक्यात 'केवळ' हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला आणि याकोबाचे पत्र गवताच्या मोलाचे ठरवले. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक चर्च व लुथेरन महासंघ यांनी संयुक्त निवेदनावर सह्या करून या मुद्द्यावरील जुने शाप आता एकमेकांना लागू होत नाहीत असे मान्य केले. पौलाच्या समोर अन्य वंशीयांवर सुंता लादणारे लोक होते, याकोबाच्या समोर उपाशी भावाला कोरडा आशीर्वाद देणारे. प्रश्न वेगळे म्हणून उत्तरे वेगळी.

चंद्रपूरच्या ख्रिस्ती इतिहासात तारणाच्या अर्थाचा एक वेगळा धागा दडलेला आहे आणि त्याकडे क्वचितच लक्ष जाते. चांदा येथे एकोणिसाव्या शतकापासून स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते, आणि तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. तो पश्चिमेकडून आलेला प्रवाह. परंतु १९६२ मध्ये केरळबाहेर सिरो-मलबार चर्चला जे पहिले कार्यक्षेत्र मिळाले ते चांद्याचे, आणि १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. त्याचे केंद्र बल्लारपूरला आहे. सिरो-मलबार चर्च स्वतःचे मूळ प्रेषित थोमापर्यंत नेते आणि त्याच्या उपासनेचा वारसा सिरियाक भाषेतला आहे. सिरियाक ही येशूच्या अरामी भाषेची जवळची बहीण. तिच्यातील 'पेशित्ता' या प्राचीन बायबलमध्ये ग्रीक सोतेरियासाठी बहुतेक ठिकाणी 'हय्ये' म्हणजे जीवन हा शब्द येतो, आणि तारणाऱ्याला 'मह्याना' म्हणजे जीवन देणारा असे म्हटले जाते. रक्तस्राव झालेल्या त्या स्त्रीला येशू जे सांगतो त्याचा सिरियाक अर्थ, तुझ्या विश्वासाने तुला जगवले, असा होतो.

'जगवणे' हे मराठी क्रियापद तारण या शब्दाला पडलेले घट्टे काढून टाकते. दुष्काळात गुरे जगवतात, कुपोषित मूल जगवतात, करपू लागलेले धान जगवतात. तारण हे मेल्यावर मिळायचे प्रमाणपत्र आहे, ही समजूत त्याच्यापुढे टिकत नाही. बायबलच्या अर्थनिर्णयात कोणत्याही एका भाषेला अखेरचा शब्द देता येत नाही, हे खरे. पण रोमच्या न्यायालयीन शब्दांनी झाकलेला एक अर्थ सिरियाकने उघडा ठेवला, आणि त्या भाषेचा वारसा सांगणारे चर्च वर्धा नदीच्या काठी बसले आहे, हे विसरता कामा नये.

या प्रदेशात तारणाची चर्चा करताना १६ ऑक्टोबर १९५६ ही तारीख ओलांडून जाता येत नाही. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे दीक्षा समारंभ केला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मोक्षदाता आणि मार्गदाता हा भेद कळीचा आहे : येशूने आपल्याला देवाचा पुत्र मानण्याची अट घातली, बुद्धाने स्वतःला धम्मात असे कोणतेही स्थान दिले नाही, त्याने वाट दाखवली आणि चालणे ज्याचे त्याच्यावर सोडले. या आक्षेपाला ख्रिस्ती बाजूने घाईचे उत्तर देणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःलाच मार्ग म्हणतो, म्हणजे दाता आणि वाट तेथे वेगळी नाहीत. आंबेडकरांना जे मान्य नव्हते ते नेमके हेच, आणि मतभेद खरा आहे. मात्र त्यांच्या आक्षेपाच्या उजेडात शुभवर्तमान पुन्हा वाचले तर काही विसरलेल्या गोष्टी दिसू लागतात. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय हा रोमसाठी कर उकळणारा श्रीमंत अधिकारी आहे, आजच्या भाषेत त्याचा पैसा खंडणीचाच म्हणावा. तो येशूपुढे कोणताही मतांगीकार म्हणून दाखवत नाही. आपली निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत, एवढे तो सांगतो. आणि येशू त्या घराला आज तारण प्राप्त झाले असे जाहीर करतो. खंडणी येथे घेणाऱ्याकडून परत निघाली आहे, हे अँसेल्मच्या वाचकांनी पुरेसे पाहिले नाही.

उरतो तो पूर्वजांचा प्रश्न, आणि अरण्यातील समाजासाठी तोच सर्वांत जड आहे. माडिया आणि गोंड यांच्या समजुतीत मेलेला माणूस जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला धडपडत नाही. तो पूर्वजांत जाऊन मिळतो, त्याच्या नावाने दगड उभा राहतो आणि गावाच्या सुखदुःखात त्याचा वाटा चालू राहतो. ज्याला कधी सुवार्ता ऐकूच आली नाही तो आजोबा नरकात आहे, असे जो धर्म सांगेल तो धर्म नातवाला कुळापासून तोडेल. फ्रान्सिस झेवियरला जपानमध्ये हाच प्रश्न भेटला; पूर्वजांना सोडवता येणार नाही हे कळल्यावर तेथील नवख्रिस्ती रडत असत, असे त्याने १५५२ च्या पत्रात लिहून ठेवले आहे. झेवियरजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये एवढे मान्य केले की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. प्राचीन पूर्वेकडील परंपरेजवळ याहून धाडसी चित्र होते : क्रूसावर मेलेला ख्रिस्त मृतांच्या लोकी, म्हणजे शिओलात, उतरतो, त्याची दारे फोडतो आणि युगानुयुगे कोंडलेल्यांना बाहेर आणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात याची पुसट खूण आहे, आणि ३७३ मध्ये मरण पावलेल्या एफ्रेम या सिरियाक कवीने शिओल आणि मृत्यू यांना पात्रे करून त्यावर अनेक गीते रचली.

गोंड परंपरेत बंद गुहेची कथा आहेच. नागपूरला १८४५ मध्ये आलेला फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने गोंडांच्या परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेल्या, त्यांच्या आदिगुरू लिंगोच्या गाण्यात महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा ठेवली आहे आणि लिंगो त्यांना सोडवतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला जमणारे लोक तेथील गुहा हीच ती, असे मानतात. सुटकेनंतर कथा नदीवर येते. पूर आलेला, उतार नाही, मगर आणि कासव दोघेही पैलतीरी नेण्याची तयारी दाखवतात. मगर मध्येच बुडवू पाहते आणि कासव तारून नेते. लिंगो म्हणजे ख्रिस्त, असे समीकरण मांडणे दोन्ही परंपरांचा अपमान होईल, कारण लिंगोला पापाची क्षमा करायची नाही, त्याला सगा बांधायचे आहेत, देव वाटून द्यायचे आहेत, समाज घडवायचा आहे. पण तारणाची कथा या लोकांना पहिल्यांदा मिशनऱ्याने सांगितली, हा समज मिशनऱ्याच्याच वहीने खोटा ठरवला, हे मान्य करावे लागते. हिस्लॉपच्या वाट्याला मात्र कासव आले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला; त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली.

तारण कोणाचे, या प्रश्नाचा विचार ज्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायापासून बहुतेक लोक सुरू करतात, त्याच प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय क्वचित कोणी उघडतो. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे, जहाज वादळात सापडले आहे, चौदा दिवस कोणी धड जेवलेले नाही. पहाटेच्या सुमारास पौल सर्वांना काहीतरी खाऊन घ्या असे विनवतो, आणि ते तुमच्या 'सोतेरिये'साठी आहे असे म्हणतो. शब्द तोच आहे; मराठी भाषांतरात येथे 'तारण' येत नाही, म्हणून वाचकाला दिसत नाही. जहाजावर पौलासह २७६ माणसे होती, त्यांत कैदी, रोमन शिपाई आणि खलाशी होते, आणि बहुतेकांनी येशूचे नावही ऐकलेले नसावे. सगळे जेवले आणि उरलेला गहू त्यांनी समुद्रात लोटला. जहाज वाळूत रुतून फुटू लागल्यावर कैदी पळून जातील म्हणून शिपाई त्यांना मारून टाकणार होते, ते शतपतीने अडवले. पोहता येणाऱ्यांनी आधी उड्या टाकल्या, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर बसून गेले, आणि २७६ च्या २७६ माणसे मेलिता बेटाच्या किनाऱ्याला लागली.